तिरका फासा

नारायणगावात आमच्या एका वर्गमित्राच्या वडिलांची टोमॅटोची आडत आहे. हंगाम ओसरला की गोदाम रिकामे होते आणि मागे उरतात ते प्लॅस्टिकचे क्रेट, एकावर एक, पार छतापर्यंत. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले आम्ही चौघे रविवारी दुपारी तिथे खेळायला जात असू. क्रेट पालथे घातले की बसायची सोय होई, चार जोडले की टेबल, आणि एक उताणा ठेवून तळाशी पुठ्ठा अंथरला की फासे टाकायला जागा. जाळीच्या भिंतींमुळे फासा बाहेर घरंगळत नसे. गोदामाला बारमाही आंबूस वास होता. तो आम्हाला येईनासा झाला होता.

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येकाने एक पात्र रचायचे आणि त्याचे बळ, चपळाई, शहाणपण आकड्यांत मांडून कागदावर लिहायचे. एकजण कथा चालवतो. बाकीचे आपापली पात्रे काय करतात ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. पात्र मेले तर त्याचा कागद बाजूला ठेवायचा आणि नवे रचायचे. कथा चालवणारा मुलगा घाटाजवळच्या मढ गावाकडचा. त्याच्या घरी अजून मेंढ्या आहेत, आणि लहानपणी तो कळपामागे घाट चढला-उतरला आहे. त्याच्या कल्पित राज्यात राक्षस असत, पण धुके आणि कडे अगदी आमच्या पश्चिमेकडचे असत. माझी रूममेट तलवार चालवणारी होती, आडत्याचा मुलगा चोर होता, आणि मी म्हातारा वाटाड्या होते.

वाटाड्या मी वडील गेल्यानंतर तिसऱ्या महिन्यात रचला. वडील लाइनमन होते. खांबावर चढण्यापूर्वी ते पकडीने खांबावर तीनदा ठोकत आणि क्षणभर कान देत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही. घरात साप निघो, माझी परीक्षा असो की गावाचा ट्रान्सफॉर्मर जळो, त्यांचे वाक्य एकच असे, "आधी पाणी प्या, मग घाबरा." माझा वाटाड्याही कोणत्याही कड्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी काठीने खडकावर तीनदा ठोकी आणि साथीदारांना पाणी प्यायला लावी. तो कोणावरून घेतला आहे, हे मी टेबलावर कधी बोलले नाही. आडत्याचा मुलगा चिडवायचा, "ए म्हाताऱ्या, राक्षस पळून गेला तुझं ठोकून होईस्तोवर." मी शांतपणे, त्या म्हाताऱ्याच्या आवाजात उत्तर द्यायची, आणि त्या दोन-तीन तासांत मला फार बरे वाटे.

वडिलांना स्वादुपिंडाचा आजार होता. शेवटच्या आठवड्यांत, वॉर्डात आम्ही दोघेच असताना, त्यांनी मला विचारले, "तू वाचलंस ना सगळं? तुझ्या हिशेबानं किती चान्स हाय?" मी वाचले होते. रिपोर्ट वाचले होते, शोधनिबंध वाचले होते. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "बरं. पाणी दे थोडं." त्यानंतर ते फारसे बोलले नाहीत. बाराव्या दिवशी गेले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, आमच्याकडे एकेकजण उठतो आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. मी उभी राहून त्यांची नोकरी, त्यांच्या बदल्या, आजाराचे निदान आणि उपचार असे सर्व क्रमवार सांगितले. एकही वाक्य अडखळले नाही. खाली बसताना मागून कोणीतरी म्हणाले, "लई हुशार पोरगी हाये." त्या आकड्याविषयी मी कोणालाही सांगितले नव्हते, आईलाही नाही.

तो रविवार साधाच होता. आमची टोळी धुक्यात एका अरुंद कड्यावर अडकली होती. वाटाड्याने पुढे जाऊन दोर बांधायचा होता. त्यासाठी फाशावर बारा किंवा अधिक हवे होते; कमी आले तर थेट दरी. त्याने खडकावर ठोकले, सर्वांना पाणी पाजले, आणि मी फासा टाकला. सोळा.

रूममेटने टाळी वाजवली. मी मात्र फाशाकडे पाहत राहिले. पुठ्ठ्याची कड क्रेटच्या कोपऱ्यात वर उचलली गेली होती आणि फासा तिला टेकला होता. आमचा एक नियम होता: तिरका फासा बाद, आणि ज्याला तो तिरका दिसेल त्याने बोलायचे. हा नियम मीच आणला होता. कलंडलेला फासा भिंतीचा आधार घेतो, मग तो निकाल केवळ योगायोगाचा राहत नाही, असे मी पहिल्याच दिवशी सर्वांना समजावले होते.

"तिरका आहे," मी म्हणाले.

"कुठं?" आडत्याचा मुलगा वाकला. "गप ना, कोण बघतंय."

"मी बघतेय."

मी फासा उचलून पुन्हा टाकला. चार आले.

कथा चालवणाऱ्याने फासा उचलून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "दोर हाय ना कमरेला. अजून एकदा टाक."

"दोर बांधायचाच तर होता," मी म्हणाले. "पडला तो."

मी कागद उलटा ठेवला. वाटाड्याकडचे सामान कोणाकडे जाईल याची यादीही मीच केली. मग एकटीच निघून मंचरकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले आणि खोडदच्या फाट्यापर्यंतसुद्धा मला रडू आवरले नाही. शेजारी भाजीची रिकामी पाटी मांडीवर घेतलेली एक बाई होती. तिने पुढच्या माणसाला "पावणं, जरा सरका" म्हणून हाकलले, मला खिडकीची जागा दिली आणि विचारले, "कोन गेलं गं?"

"वडील."

"कदी?"

"मागच्या वर्षी."

पाटी दुसऱ्या मांडीवर घेत ती म्हणाली, "व्हय. लागतोय येळ."

पुढचे तीन रविवार मी गेले नाही. प्रोजेक्टचे कारण दिले, आणि ते खोटेही नव्हते. परदेशातल्या पीएचडीसाठी अर्ज करायचे होते. चौथ्या आठवड्यात कथा चालवणारा कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

"वाटाड्या परत आणू," तो म्हणाला. "दरीत झाडाला अडकला व्हता, असं सांगतो. माझ्याच हातात हाय ना सगळं. कुनाला काय कळत न्हाई."

"मला कळेल."

"ऐक की. मला तर फासा सरळ दिसला व्हता."

मी त्याच्याकडे पाहिले. "मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तू बोलली ना. तू म्हनल्यावर कोन तपासतंय, राव."

त्या रात्री मला झोप लागली नाही. फासा तिरका होता, हे मी एका नजरेत ठरवले होते. तो उचलला तेव्हाच एकमेव पुरावा गेला. दुसरे निरीक्षण नव्हते, फोटो नव्हता, आणि एक साक्षीदार उलट सांगत होता. वॉर्डातल्या त्या दुपारीही असेच झाले नव्हते का? मी वाचले ते हजारो अनोळखी रोग्यांविषयी होते. माझ्यासमोर एकच माणूस होता, आणि त्याने विचारले म्हणून मी निकाल दिला. वाटाड्याला परत आणून मी काय दुरुस्त करणार होते, हे मला नीट उमगत होते. म्हणूनच हो म्हणवत नव्हते, आणि नाहीही म्हणवत नव्हते. मी आठवड्याची मुदत मागितली आणि शनिवारी घरी गेले.

आई ओट्यावर शेवग्याची पाने निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून वॉर्डातले सर्व सांगितले. आकडाही सांगितला. तिचे हात थांबले नाहीत.

"मला बी इचारलं व्हतं त्यांनी," ती म्हणाली. "तुझ्या आदल्या दिवशी. मी म्हनलं, पंधरा दिसांत घरी जाऊ."

"मग?"

"मग काय. हसले. म्हनले, तुला न्हाई जमायचं, पोरीला इचारतो."

मला पुढे विचारायचे होते: माझ्या उत्तराने ते खचले का, की सुटले? ती ते सांगू शकत नव्हती. तिने काड्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "त्यांना ठावं व्हतं तू काय सांगनार ते. तरी इचारलं." मग बराच वेळ आम्ही दोघी पाने निवडत राहिलो. तिला रडू आले नाही, मला आले.

रविवारी मी गोदामात गेले आणि सांगितले की वाटाड्या परत यायचा नाही. चार हा आकडा खरा धरायचा. पण नवा कागद उघडण्यापूर्वी, आमच्याकडे बोलतात तसे मला त्याच्याविषयी बोलायचे होते. आडत्याचा मुलगा काहीतरी चेष्टेचे बोलणार होता, पण रूममेटने त्याच्या पायावर पाय दिला.

मी उभी राहिले. या वेळी क्रमवार काही जमले नाही. वाटाड्याला एका मेंढपाळाने कसे फसवले होते ते सांगितले, तो चोराला कसा पाणी पाजायचा ते सांगितले, मग मध्येच खांबावरची पकड आली, वॉर्ड आला, तिथला पाण्याचा स्टीलचा पेला आला. वाक्ये अर्धी राहिली. आडत्याचा मुलगा खाली पाहत क्रेटच्या जाळीत बोट अडकवून बसला होता. तो पुटपुटला, "मी उगाच चिडवत व्हतो राव त्याला."

बसल्यावर मी कथा चालवणाऱ्याला विचारले, "तो पडला तेव्हा काही म्हणाला का?"

उत्तर फक्त तोच देऊ शकत होता.

"धुकं व्हतं," तो म्हणाला. "तुमाला कुनाला दिसला न्हाई. काय बोलला असंल तर ऐकू आलं न्हाई."

मग त्याने पेन्सिल उचलली आणि क्रेटच्या काठावर ठोकले. तीनदा. आम्ही चौघेही कान देऊन बसलो.

थोड्या वेळाने रूममेटने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.