लालीयाडी आणि पन्नीचं तळं

तांड्यात कुणाच्याही घरी तेलाची पाच लिटरची कॅन रिकामी झाली, की ती भंगारवाल्याकडे जात नाही. ती जाते लालीबाईच्या ओट्यावर. महिन्यातून एकदा मारेगावहून भंगारवाला येतो, त्या ढिगाकडे बघून सुस्कारा टाकतो, आणि लालीबाई त्याला पाणी पाजून वाटेला लावते. "हे माहे मास्तर हायेत," ती सांगते. "मास्तरले भंगारात घालतेत काय कोणी?"

लालीबाई साठीच्या पुढची. अजूनही फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घालणाऱ्या ज्या दोन-चार बाया तांड्यात उरल्यात, त्यांतली एक. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की वावराच्या त्या टोकाचा बैल मान वर करतो. सारा तांडा तिला लालीयाडी म्हणतो. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. पोटचे लेक दोनच, ते राजूरला खाणीवर कामाला. पण गेल्या पस्तीस वर्षांत तांड्यातलं एकूण एक लेकरू तिनं आपल्या वावरातल्या दगडी विहिरीत टाकलंय आणि जितंजागतं बाहेर काढलंय.

टाकलंय म्हणजे अगदी फेकलं नाही हो. तिची पद्धत आहे. दिवाळीच्या सुट्यांपासून होळीपर्यंत दर रविवारी सकाळी विहिरीवर शाळा भरते. लेकराच्या पाठीला दोन रिकाम्या कॅन, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं आवळून. कमरेला दोर, आणि दोराचं टोक याडीच्या मुठीत. पहिला धडा हातपाय मारायचा नाहीच. पहिला धडा उताणं पडून राहायचा, आणि त्याचं नाव तिनं ठेवलंय 'मुडदं'.

"मुडदा तरंगते अन् जिता बुडते. काहून? मुडद्याले भेव नसते. पडून राह्य गुमान."

पायऱ्यांवर बसलेल्या आया ह्यावर कानांवर हात ठेवतात. शुभ बोल म्हणतात. लालीबाई म्हणते, मी शुभ बोलत बसली तं तुमचं पोट्टं बुडन. ती स्वतः म्हशीची शेपूट धरून पोहायला शिकली. त्या म्हशीनं कधी शुभ-अशुभ पाहिलं नाही, असं तिचं म्हणणं.

कॅनशिवाय विहीर आडवी पार करून परत पायरीला हात लावला, की याडी लेकराच्या तोंडात गुळाचा खडा घालते. तो गूळ म्हणजे पास. तांड्यात शाळेचा निकाल कुणी विचारत नाही, "गूळ भेटला का?" हे मात्र विचारतात. आणि एकदा गूळ भेटला, की आईबापही निर्धास्त. पोरगं नाल्यावर जावो, नदीवर जावो, त्याला गूळ भेटलाय.

बाबूसिंगच्या ममताला गूळ मिळायला दोन वर्षं लागली. बाबूसिंग लालीबाईचाच जुना चेला. त्यानं आठ दिवसांत विहीर पार केली होती. पोरगी मात्र भित्री. पायरीवर बसून पाण्यात अंगठा बुडवायची आणि रडायची. लालीबाईचा ह्या पोरीवर फार जीव. का, ते विचारू नका. जीव जडायला कारण लागत असतं तर जगात कुणाचाच कुणावर जडला नसता. तिनं ममताला कधी ओढलं नाही, ढकललं नाही. एक अख्खा हंगाम दोघी पायरीवर बसून नुसते पाय हलवत होत्या. यंदा होळीच्या आधी नऊ वर्षांच्या त्या पोरीनं विहीर पार केली, तेव्हा लालीबाईनं एक सोडून दोन खडे तिच्या तोंडात कोंबले आणि स्वतः पदराआड तोंड करून रडली. विचारलं तर म्हणाली, डोळ्यात पाणी उडालं.

आणि तोच गूळ पुढं अंगाशी आला.

बाबूसिंगनं वावराच्या वरच्या कोपऱ्यात शेततळं केलं होतं. दोन पुरुष खोल, चारही बाजू उतरत्या, आणि पाणी मुरू नये म्हणून तळापासून काठापर्यंत प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली. कुंपणाची तार येऊन पडली होती, खांब रोवायचे राहिले होते. त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्या, सगळं घर कापूस वेचायला गुंतलेलं. बकरीचं एक पिल्लू पाणी प्यायला वाकलं आणि सर्रकन आत गेलं. ममतानं पाहिलं. दोन वर्षांपूर्वीची ममता असती तर बोंबलत बापाकडे पळाली असती. पण आता तिला गूळ भेटला होता. ती उतरली.

पिल्लापर्यंत ती पोचली, त्याला धरलंही. पण काठाला आली आणि पाय टेकला तो घसरला. पन्नीवर शेवाळ. गुडघा टेकला, घसरला. विहिरीला दगड असतो, कपार असते, पायरी असते. इथं धरायला काही म्हणजे काही नाही. पिल्लू हातून सुटलं. पोरगी कोपऱ्यात गेली आणि उताणी पडून राहिली. घंटाभरानं बाबूसिंग मोटर सुरू करायला आला तेव्हा ती आभाळाकडे बघत होती, ओठ निळे पडले होते. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा फेकला, तीनदा ती घसरली, चौथ्यांदा वर आली.

दुसऱ्या दिवशी तो लालीबाईच्या दारात उभा राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"याडी, ते पाण्याले भेत होती तेच बरं होतं. तू भेव काढलं, म्हणून ते उतरली."

"बाबू, मुडदं शिकली म्हणून तं..."

"ते मले समजते. पण आता माही पोट्टी पाण्याच्या वाटेले जाणार नाही. बालटीतलं पाणी अंगावर घ्यायले भेऊन राह्यली ते. ओल्या फडक्यानं पुसा लागते तिले." एवढं बोलून तो गेला.

तांड्याला काय, तोंड आहेच. चढेल तो पडेल, पोहेल तो बुडेल, असं म्हणायला म्हातारे मोकळे झाले. रविवारी पोरं विहिरीवर आली तर लालीबाईनं त्यांना परत पाठवलं. कॅनचा ढीग तसाच पडला. पण ती काही हातपाय गाळून बसणारी बाई नव्हे. तिला एकच गोष्ट टोचत होती. ममता पुन्हा पाण्यात उतरली नाही, तर हे भेव तिच्या अंगात घर करून बसेल, आणि भ्यालेलं माणूस पाण्यात पडलं की आधी डोकं गमावतं. वावर काही पोरीला सुटणार नव्हतं, आणि दर दोन वावरांआड आता पन्नीचं तळं झालं होतं.

म्हणून एका दुपारी ती बाबूसिंगच्या तळ्यावर गेली. मोटरच्या लोखंडी खांबाला दोर बांधला, दुसरं टोक आपल्या कमरेला, फेटिया खोचला आणि आत उतरली. पोहणं काय, तिला झोपेतही यायचं. चारही कोपरे फिरली. मग काठाला आली आणि वर चढायला लागली.

पहिल्यांदा घसरली तेव्हा हसली. दुसऱ्यांदा शिवी दिली. पाचव्यांदा तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोर धरून ओढावं तर गुडघे सटकायचे, आणि माणूस पन्नीवर तोंडघशी. पस्तीस वर्षं लोकांच्या लेकरांना गूळ वाटणारी बाई पाण्यात लोंबकळत राहिली. ओळखीच्या शिव्या ऐकून बाबूसिंग पळत आला. त्यानं दोर ओढून तिला वर घेतलं तेव्हा ती कितीतरी वेळ काठावर नुसती धापा टाकत बसली.

"म्हातारपणी कायले उतरली व याडी?" त्यानं विचारलं.

"मले येत नाही, बाबू," लालीबाई म्हणाली. "उतरणं येते. निघणं येत नाही. जे मले येत नाही ते मी पोट्ट्यायले शिकवलं म्हणून गूळ वाटत राह्यली."

 ती उठली आणि निथळत्या फेटियानं तशीच त्याच्या घराकडे चालू लागली. घरात ममता आईच्या मागं लपली. लालीबाई दारातच बसली, आत गेली नाही.

"ममता, मी तुले पाण्यात घालाले नाही आली. मले शिकाचं हाये. तू घंटाभर होती तिथं, अन् चौथ्या डावाले बाहेर निघाली. कशी निघाली? तांड्यात हे कोणालेच माईत नाही. फक्त तुले माईत हाये."

 मग आईच्या मागूनच बारीक आवाज आला.

"गुडघा नाही लावाचा."

"मंग?"

"तळपाय सपाट ठेवाचा. अन् मांगं झुकाचं, जसं काई पडूनच राह्यलो. मंग चालाचं."

"असं तोंडानं सांगून मले म्हातारीले समजते काय? काठावर उभी राहून सांगशीन?"

बाबूसिंग दारात होता. नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारी त्याच्या लेकीला शिकवायला मागत नव्हती, लेकीकडून शिकायला मागत होती. ह्याला नाही कसं म्हणायचं ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तळ्यावर गेली. खांबाला जाड दोर बांधून पाण्यात सोडला, त्याला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या. तो कोपऱ्यातच सोडायचा, हे ममतानंच सांगितलं. दमलेलं माणूस शेवटी कोपऱ्यातच जातं, तिथं पन्नीला घडी असते आणि बोटं अडकतात. लालीबाई कमरेला वेगळा दोर बांधून उतरली, त्याचं टोक बाबूसिंगच्या हातात. ममता काठापासून चांगली दहा पावलं दूर.

"पाय सपाट, याडी."

"सपाटच हाये."

"नाही ना हाये. गुडघा वाकून राह्यला तुहा."

ती घसरली. ममता दोन पावलं पुढं आली. ती पुन्हा घसरली. "अव मांगं झुक ना," ममता वैतागली, आणखी पुढं आली. आता लालीबाई मुद्दाम चुकत होती की खरंच जमत नव्हतं, देव जाणे. पुढं मी तिला विचारलं तर तिनं मलाच बह्याड, म्हणजे येडा, ठरवलं. सहाव्यांदा ती पन्नीवर आडवी झाली, बाबूसिंगनं तिला कशीबशी वर घेतली, तेव्हा ममता अगदी काठाशी उभी होती, संतापानं लाल.

"थांब. मी दाखवते."

तिनंच याडीच्या कमरेचा दोर सोडला आणि आपल्या कमरेला बांधला. दुसरं टोक बापाच्या हातात होतं. बाबूसिंगनं ते इतकं आवळून धरलं होतं की ममताला पाऊल टाकता येईना.

"बा, ढील दे ना."

त्यानं लालीबाईकडे पाहिलं. तिचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, ती पोरीच्या पावलांकडे बघत होती. त्यानं हळूहळू ढील दिली. ममता पाण्यात गेली, मानेपर्यंत गेली, दात वाजत होते. तिनं गाठ धरली, अंग मागं टाकलं आणि तळपाय सपाट ठेवत, एक एक गाठ मागं सारत, काळ्या पन्नीवरून चालत वर आली. बापापुढं येऊन उभी राहिली.

बाबूसिंगनं तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले. डोळ्यांतलं पाणी पुसायचं भान त्याला नव्हतं.

"अजून एक डाव कर," तो म्हणाला. "मले पाहू दे."

ममता वळली आणि पुन्हा उतरली.