टकळीचा हातचा

मैत्रिणीला आम्ही टकळी म्हणायचो, कारण पुटपुटल्याशिवाय तिला गणित सुटत नसे. बँकेच्या इंटर्नशिपसाठी ती चार महिने ऑनलाइन चाचण्यांचा सराव करत होती. घड्याळ मी लावायचे.

“टकळे, मनात कर की!”

“मनात केलं की हातचा पळून जातो गं.”

काल तिची घरून द्यायची खरी परीक्षा होती, यंदाची शेवटची संधी. ती खोलीत एकटी होती, मी आणि तिची आई दाराबाहेर. विसाव्या मिनिटाला तिने हाक मारली. पडद्यावर लिहिलं होतं, ‘उमेदवार कुणाशी तरी बोलताना आढळल्याने परीक्षा रद्द.’ परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने कॅमेऱ्यातून तिचे हलणारे ओठ टिपले होते. चार महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं.

“अगं, सांग ना त्यांना!” आई म्हणाली.

“कुणाला सांगू, आई?”

मग ती अर्धवट राहिलेलं गणित पुटपुटत बसली. थोड्या वेळाने मला म्हणाली, “उत्तर आलं गं.”