आधीच भरलेला रकाना

चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली संघप्रिया नागपुरात इंजिनीअर झाली, चार वर्षं पुण्यात नोकरी करून आली आणि आईच्या आजारपणामुळे चंद्रपुरातच राहिली. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन संगणक आणि गरम वारा फेकणारा एक पंखा, एवढ्यावर ती धंदेवाल्यांना सॉफ्टवेअर करून देऊ लागली. वय चौतीस, डोकं तल्लख, हात चलाख. गिऱ्हाईकं मात्र भेटायची ती अशी, की विचारू नका.

फरशीवाल्याला पहिल्याच पानावर तेवीस बटणं हवी होती, 'मले शोधत बसा लागू नये' म्हणून. करून दिली, तर त्याला त्यातलं एकही सापडेना. कोचिंग क्लासवाल्यानं जन्मतारखेचा रकाना काढायला लावला आणि पंधरा दिवसांनी पोरांचे वाढदिवस का दिसत नाहीत म्हणून भांडला. संघप्रिया आधी समजावून सांगे, कागदावर आकृत्या काढून दाखवी. मग गिऱ्हाईक खुर्चीत मागे रेलून म्हणे, "मॅडम, धंदा तुमचा का माझा?" वाद तिथंच संपे. तोंड मिटून करून द्यायची सवय एका दिवसात लागत नाही. अशीच थोडी थोडी लागते.

मग खुशालभाऊ आले. चंद्रपुरात त्यांची मोठी पॅथॉलॉजी लॅब होती आणि कुरखेडा, पोंभुर्णा अशा तालुक्यांच्या गावी रक्त तपासणारी लहान केंद्रं. त्यांना असं सॉफ्टवेअर हवं होतं, की केंद्रावरच्या मुलीनं आकडे भरले की रिपोर्ट आपोआप पेशंटच्या मोबाइलवर गेला पाहिजे.

त्यात एक रकाना सिकलसेलचा होता. रक्ताचा हा आजार आईबापाकडून येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, धडधाकट दिसतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असली, तर त्यांचं मूल आजारी निघू शकतं. मग हाडं ठणकतात, लेकरू कळवळतं. संघप्रियाची मामेबहीण त्यातच एकोणिसाव्या वर्षी गेली होती. म्हणून तो रकाना तिनं फार जपून केला. तपासणी बाकी, निगेटिव्ह, वाहक, आजार असे चार पर्याय ठेवले. केंद्रावरच्या मुलीनं त्यातला एक निवडल्याशिवाय निकाल छापला जाणार नाही, अशी सोय केली.

"हे बाकी-बाकी काय लावलं?" खुशालभाऊ म्हणाले. "पेशंट फोन करते, काऊन बाकी आहे म्हणून. डोकं खाते."

"मग तेवढी जागा रिकामी ठेवू?"

"रिकामी? रिपोर्टले भोकं पाडता का मॅडम? आधीच निगेटिव्ह टाकून ठेवा न. शंभरातले ऐंशी निगेटिव्हच निघतात. ज्याचं निघालं त्याचं पोरी बदलवतीन."

"आणि बदलायचं राहिलं तर?"

"माझ्या पोरी काय झोपून राह्यल्या? तुम्ही कम्प्युटर पाहा, रक्त मी पाहातो."

तिनं सविस्तर ईमेल लिहिला. खुशालभाऊ ईमेल वाचत नसत. त्यांचे अकरा व्हॉइस मेसेज आले; शेवटचा असा, की नागपूरचा एक माणूस हेच काम दोन दिवसांत करून देतो म्हणते. मार्च महिना होता, हातात दुसरं काम नव्हतं. तिनं करून दिलं. दहा मिनिटं लागली.

एक गोष्ट मात्र तिनं गुपचूप केली. त्या रकान्याला कोणाचा हात लागला की नाही, याची नोंद आतल्या आत राहील असं केलं. कशासाठी? उद्या आपल्यावर आलं तर दाखवता यावं म्हणून. पेशंटचा विचार त्यात नव्हता, हे तिनं पुढे स्वतःच कबूल केलं.

जुलैत कुरखेड्याच्या केंद्रावरून खैरुनचा फोन आला. खैरुन तिथली तंत्रज्ञ. सॉफ्टवेअर शिकवताना दोघींची ओळख झालेली.

"ताई, तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलून राह्यलं."

"काय झालं?"

"अठरा दिवस झाले, सिकलची किट संपली. मी सॅम्पल फ्रिजमधी ठेवून वाट पाहून राह्यली. हिमोग्लोबिन, शुगर भरली, तर रिपोर्ट गेले न पूर्ण! सिकल निगेटिव्ह लिहून! आज रिनाची सासू मले पेढा देऊन गेली, सून निगेटिव्ह आली म्हणून. रिनाले चौथा महिना आहे ताई. तिचा नवरा वाहक आहे, म्हणून तर डॉक्टरनं तिची तपासणी लिहिली. अन् मी तिचं रक्त पाह्यलंच नाई."

"पेढा खाल्लास?"

"हातातच आहे."

संघप्रियानं नोंदी काढल्या. चार महिन्यांत सिकलची तपासणी सांगितलेले आणि त्या रकान्याला कोणाचाही हात न लागलेले रिपोर्ट सहाशे बारा. त्यातलं कोणतं रक्त खरंच तपासलं आणि कोणतं नाही, हे कळायला मार्ग नव्हता. तिनं यादी छापली आणि तशीच खुशालभाऊंकडे गेली.

त्यांनी यादी उलटी करून टेबलावर ठेवली. "ते हात लागला, नाई लागला, ती नोंद आधी मिटवा."

"सहाशे बारा माणसं आहेत भाऊ."

"त्यातले पाचशे तसेही निगेटिव्हच असतीन. मंग सगळ्यांले फोन करून लॅबले कुलूप लावू?"

"मग मी करते फोन."

"तुम्ही कोण? डॉक्टर आहा? आणि लिहिलं कोणी ते निगेटिव्ह? मी लिहिलं का? मले तर टायपिंगबी येत नाई."

तिनं यादी उचलून पिशवीत घातली. ती खोलीवर परतली तोवर तिचा पासवर्ड बंद झाला होता.

खैरुनकडून नंबर घेऊन तिनं रिनाच्या घरी फोन लावला. सासूनं, मनकर्णाबाईंनी उचलला. "रिपोर्ट चुकला आहे, पुन्हा तपासा" एवढं ऐकून त्या म्हणाल्या, "असे फ्रॉडवाले लई फोन करतात. ओटीपी नाई देत जा!" आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा लागलाच नाही. यादीतल्या पुढच्या नऊ जणांपैकी दोघांनी उचलला, आणि दोघांनीही तिलाच झापलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ती गडचिरोलीला आणि तिथून कुरखेड्याला गेली. बांधीबांधीत भाताचं रोवणं चालू होतं. खैरुन तिला मनकर्णाबाईंच्या दारात घेऊन गेली.

जय भीम झालं, पाणी आलं. संघप्रियानं सांगायला सुरुवात केली, तशी मनकर्णाबाईंनी मोबाइल तिच्या नाकापुढे धरला. "हे पाय. मोठ्या लॅबचं आहे. शिक्का आहे, सही आहे. तू कोण?"

"यातलं निगेटिव्ह मी लिहिलं."

"मंग? तू पाह्यलं का रक्त?"

"नाही. कोणीच पाहिलं नाही."

"मीच तपासनारी आहे, बाई," खैरुन म्हणाली. "मी नाई तपासलं."

रिना नुकतीच रोवण्याहून आली होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "मंग निगेटिव्ह आलं कसं?"

"रक्त यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. सगळ्यांचंच."

रिनानं अंगणातल्या हौदावर पाय धुतले, साडी बदलली आणि म्हणाली, "चला."

सरकारी दवाखान्यात तपासणीला अर्धा तास लागला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नळी उजेडात धरली, एकदा खैरुनकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोष आहे. बहुतेक वाहक. पक्कं काय ते नागपूरला कळेल. पोटातल्या बाळाचीही तिथंच तपासणी करावी लागेल." त्यांनी तारखा विचारल्या, कॅलेंडर पाहिलं. "सतरावा आठवडा चालू आहे. पुढचा निर्णय घ्यायचा तर आठवडे थोडेच उरतात. उद्याच निघा. हे काम महिनाभर आधी व्हायला हवं होतं."

संघप्रियानं यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पानं चाळली, कुरखेड्याच्या नावांवर पेनानं खुणा केल्या. "एवढी मी शोधतो. बाकीचे तालुके माझे नाहीत, मॅडम. तिथल्या दवाखान्यांना तुम्हीच गाठा." खुणा एकाहत्तर झाल्या. उरलेली पानं त्यांनी परत दिली.

बाहेरच्या बाकावर मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुले कवाचं मालूम होतं?"

काल, असं सांगता आलं असतं. रिनाचं तिला कालच कळलं होतं. पण संघप्रिया म्हणाली, "असं कोणाचं तरी होणार, हे मार्चपासून."

"मार्चपासून," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुह्या घरी नाई का कोनाले सिकल?"

"होतं. मामेबहिणीला."

  खैरुननं चहा आणला, तो कोणी घेतला नाही. मग मनकर्णाबाई उठल्या, पदर खोचला.

"नागपूरची गाडी सकाळी सहाले आहे. तिथला डॉक्टर पुसन, इतक्या उशिरा काऊन आणली म्हणून. ते आमच्या तोंडून निंघाचं नाई. तू येजो आमच्यासंगं. तूच सांगजो."

संघप्रियानं मान हलवली. रिना तिच्याकडे बघत नव्हती. ती बोटांच्या पेरांवर आठवडे मोजत होती आणि सतरापर्यंत आली की पुन्हा एकपासून सुरू करत होती.