मे महिन्यातला हीटर

मे महिन्यात गाडीचा हीटर लावून प्रवास करणारं आमच्यासारखं दुसरं जोडपं कोल्हापुरात असेल असं मला वाटत नाही. या गाडीचा मला कंटाळा आला आहे, हे आधीच सांगून टाकते. गाडी विकायचा विषय मी कधीच सोडून दिला. काही गोष्टी नवऱ्याबरोबरच पदरात पडतात, त्यातली ही एक.

नवऱ्याचं शाहूपुरीत नळ-फिटिंगच्या सामानाचं दुकान आहे. दिवसभर तिथे गिऱ्हाइकांशी डोकं लावायचं आणि संध्याकाळी गाडीत डोकं घालायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. गाडी डिझेलची, कंपनीतून आली तेव्हा अगदी गुणाची होती. पण गुणाची गाडी याला काय कामाची? त्याने तिला मोठा टर्बो बसवून घेतला. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा, एवढं मलाही आता कळतं. कोंबलेली हवा तापते, म्हणून ती गार करायला आणखी एक मोठी जाळी आली, आणि ती बसवली बरोबर रेडिएटरच्या पुढ्यात. मग रेडिएटरच्या वाट्याला तिची उष्टी, गरम हवा. गाडी वाऱ्यासारखी पळू लागली आणि चढ लागला की तव्यासारखी तापू लागली.

आणि माझ्या माहेराचा रस्ता म्हणजे नुसते चढ. मलकापूर सोडलं की आंबा गावापर्यंत चढायचं, मग घाट उतरून खाली कोकणात जायचं, आणि शेवटी आमच्या गावाचा लाल मातीचा उभा चढ, जो पहिल्या गिअरमध्ये रांगतच पार करावा लागतो. वर भावाच्या घरी आई. दोनेक वर्षांपासून तिला विसरायला होत होतं. आधी आमटीतलं मीठ विसरली, मग सणवार, मग शेजारपाजारची माणसं. ती मला कधी विसरेल याची मला धास्ती होती. ती मला ओळखते आहे तोवर जमेल तितक्या वेळा तिच्यासमोर जाऊन बसायचं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती या गाडीच्या तापमानाच्या काट्यावर लटकलेली.

काटा वर सरकला की नवरा एसी बंद करायचा, काचा खाली घ्यायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता तेवढीच आत येते, म्हणजे इंजिनाला बरं वाटतं. आम्हाला कसं वाटतं याचा काटा गाडीत नव्हता.

मी पोचायचे ती लालबुंद होऊन, केस कपाळाला चिकटलेले, साडीचा चोळामोळा. आई ओटीवर बसलेली असायची. मी वाकले की ती आधी माझ्या कपाळाला हात लावायची.

"काय गो, ताप आलाय तुला? एवढ्या तापात कशाला आलीस?"

मग वहिनीला हाक. "अगो, माझी पोर आली, काढा ठेव." भर उन्हाळ्यात मला स्वतःच्या गोधडीवर आडवं करून ती आल्याचा काढा पाजायची. मी चिडायचे, ताप नाही म्हणून सांगायचे. ती ऐकायची नाही. शेवटी मी मुकाट पिऊन टाकायचे.

गाडी गार करायचे उपाय दर रविवारी आमच्या दारात व्हायचे. नवरा पेठेतल्या तालमीतला, मित्रही सगळे तालमीतले. बॉनेट उघडायचं आणि सहा डोकी आत. "रेडिएटर जाड घाल की, ॲल्युमिनियमचा." घातला. "पंखा दोन कर." केले. "थर्मोस्टॅट काढूनच टाक, भानगडच न्हाय." तापमान राखणारी ती झडपही काढली, तर थंडीत गाडी तापेना आणि उन्हाळ्यात तापायची थांबेना. बॉनेट मागून जरा उचलून धरायला खाली वायसर लावले. मधल्या काळात "वैनी, च्या टाका की" हा उपाय तेवढा अखंड चालू असायचा.

मग ती खेप आली. गावाच्या चढावर अर्ध्यात गाडीने वाफ सोडली. हीटर चालू होता, तरीही. आम्ही काजूच्या सावलीत बसून राहिलो, पाणी आणलं, ओतलं, पुन्हा बसलो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

"दुपारपर्यंत तुमचीच वाट बघत होत्या," वहिनी म्हणाली. "नाव घेऊन घेऊन विचारत होत्या. जेवल्या नाहीत. आत्ताच डोळा लागलाय." सकाळी आम्हाला निघायचं होतं. निघताना आई जागी होती, पण कुठेतरी लांब बघत होती.

कोल्हापूरला घरी आल्यावर मी गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले. समोरच्या जाळीवर तालमीचा पितळी बोर्ड होता, परातीएवढा, वर गदा आणि खाली तालमीचं नाव. गणपतीच्या मिरवणुकीआधी पोरांनी हौसेने करून दिलेला. सहा डोकी दर रविवारी वरून आत बघत होती. पुढून कुणी बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असलं तरी तालमीचा बोर्ड काढ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी कोकणातली, मला कसली तालीम?

"हवा आत जायची कुठनं?" मी विचारलं. "दार लावून घेतलंय तुम्ही."

दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी बाहेर आले तर हा उकिडवा बसून स्वतः स्क्रू काढत होता. बोर्ड पुसून त्याने आत टीव्हीच्या वर लावला. रविवारी मित्रांनी विचारलंच, "बोर्ड उतरवला व्हय रं? तालीम सोडलीस काय?" हा नुसता हसला. त्या हसण्याची मला दया आली, आणि ती मी त्याला दाखवली नाही.

पुढच्या खेपेला काटा मध्यावरून हलला नाही. एसी चालू, काचा बंद. गावाचा चढसुद्धा गाडी गुणगुणत चढली. जेवणाच्या आधी पोचलो. माझी साडी घडीची घडी होती.

मी वाकले. आईने कपाळाला हात लावला. जरा वेळ ठेवला, आणि काढून घेतला.

"कोण गो तू?"

"आई, तुमची लेक," वहिनी म्हणाली.

"काहीतरी सांगू नकोस," आई तिच्यावर करवादली. "माझ्या लेकीला ताप असतो. बिचारी ताप अंगावर घेऊन येते माझ्याकडे." मग माझ्याकडे वळून पाहुण्या बाईशी बोलावं तसं म्हणाली, "बसा. पाणी घ्या."

नवरा अंगणात आंब्याची पेटी हातात धरून उभा होता. त्याने सगळं ऐकलं. मी पाणी प्यायले. रडायला पुढचे कितीतरी दिवस होते.

पंधरा दिवसांनी पुन्हा निघालो. मलकापूर गेलं, घाट उतरला, एसीच्या गारव्यात मी डोळे मिटून बसले होते. मला काही करायचं उरलं नव्हतं, नुसतं जाऊन यायचं होतं. गावाच्या चढाच्या पायथ्याला गाडी थांबली. नवऱ्याने एसी बंद केला. मग हीटरचं बटण पूर्ण लाल खुणेपर्यंत फिरवलं.

"तापली का?" मी विचारलं.

"न्हाय," तो समोर बघत म्हणाला. "काटा मधीच हाय."

गाडी पहिल्या गिअरमध्ये चढाला लागली. गरम हवेचा झोत तोंडावर आला. सवयीने त्याने आपल्या बाजूची काच थोडी खाली घेतली होती, मी हात लांब करून तीही वर करायला सांगितली.