आबांची जर्सी आणि अकरा पेरू

माझ्या वडिलांची फुटबॉलची जर्सी मी अकरा पेरूंना घातली. पूर्ण शुद्धीत, भर दुपारी आणि पर्यावरणाच्या भल्यासाठी.

त्या वर्षी आमचं घर हिरवं करायचं मी मनावर घेतलं होतं. शिवाजी पेठेत हिरवं व्हायला जागा ती केवढी? परसात एक पेरू, गच्चीवर पिंपांत दोन डाळिंबं आणि एक लिंबू. (लिंबाला लिंबू अजून आलेलं नाही, पण पानांचा वास झकास आहे.) पेरू मात्र नुसता लगडलेला! अर्धे पेरू पोपट खायचे, उरलेल्यांत अळ्या. फळांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधणं माझ्या तत्त्वात बसेना. मी जाहीर केलं, "आजपासून घरातली एक चिंधी वाया जाणार नाही. प्रत्येक पेरूला कापडी पिशवी!"

"स्वतःच्या शर्टाला बटण लावता येत न्हाय तुम्हाला," माझी बायको सुनीता म्हणाली.

"पिशवीला बटण नसतं. नाडी असते."

माळ्यावर गाठोडी धुंडाळताना ती जांभळी जर्सी हाती आली. विरलेली, काखेत भोक, हवा खेळती! पेरूसाठी याहून चांगलं कापड गिरणीत निघालं नसतं. ती धोतरात वेगळी गुंडाळलेली होती, वर डांबराच्या गोळ्याही होत्या. (असल्या चिंधीला गोळ्या कोण घालतं, असं मनात आलं होतं. पण हात जोरात चालला होता.) तासाभरात अकरा पिशव्या झाल्या आणि झाडावर अख्खा संघ लटकला. त्यातला एक पेरू पिकल्यावर मी पिशवीसकट शेजारच्या पवारकाकूंना दिला. प्लॅस्टिकमुक्त भेट!

रविवारी सकाळी आबांनी हाक मारली, "सुनीता, माझी जर्सी कुठं हाय गं?"

"कुठली जर्सी, आबा?" विचारलं मी. आवाज माझाच होता, पण जरा बारीक आला.

"जांभळी. पाठीवर एक नंबर. धोतरात गुंडाळून ठेवलेली. संध्याकाळी पाचला तालमीत जुन्या खेळाडूंचा सत्कार हाय. सगळ्यांनी आपापली जुनी जर्सी घालून यायचंय."

आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात, आणि आबा पंधरा वर्षं तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. सुनीतानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. इथंच चुकलं, कारण मग आबांनीही खिडकीबाहेर बघितलं.

ते सावकाश झाडाखाली गेले. एक पेरू हातात घेतला. "ह्यो माझा खांदा हाय." दुसरा घेतला. "ही कॉलर."

"आबा, मला वाटलं जुनं कापड..."

"मीबी जुनाच हाय की! मला कुठल्या झाडाला बांधणार हाईस?"

मी शिडी आणली. दहा तुकडे जमले. पाठीवरचा एक नंबर तेवढा सापडेना! मग आठवलं, आणि मी पवारकाकूंकडं पळालो.

"काकू, ती पिशवी द्या."

"अरं, पेरू खाल्ला की मी!"

"पेरू नको. नुसती पिशवी."

"दिलेली वस्तू परत मागतोस व्हय? कमाल हाय बाबा तुझी!"

त्या पिशवीनं काकू आमटीचं पातेलं उतरवत होत्या. एक नंबर शाबूत होता. वास फोडणीचा होता.

सुनीता मशीनवर बसली. पण शिवणीत कापड गेलं आणि जर्सी आबांच्या पोटावर पुरेना. तिनं कपाटातून माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट ओढला आणि कात्री लावली.

"अगं, तो..."

"एक चिंधी वाया जाणार न्हाय म्हणालता न्हवं?"

(शर्ट नवा होता.)

पाचला आबा व्यासपीठावर चढले. पाठीला फोडणीचा एक नंबर, दोन्ही बगलांना माझे चौकडे आणि अंगभर टाके. निवेदक भारावून ओरडला, "बघा मंडळी, किती सामने सोसल्यात ह्या जर्सीनं!" टाळ्यांचा कडकडाट! मी सुटकेचा श्वास सोडला. तो अर्धाच सुटला होता, तेवढ्यात आबांनी माइक घेतला.

"पंधरा वर्सं गोलात उभा हुतो. एका गड्याला ही जर्सी फाडता आली न्हाय. ती माझ्या पोरानं घरात बसून फाडली! त्यो बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय. ऊठ रं, दिसू दे लोकांना!"

मी उठलो आणि हात जोडले. दुसरं करणार काय? आबांपेक्षा जास्त टाळ्या मला पडल्या.

तेव्हापासून जुन्या कपड्यांबद्दल आमच्या पेठेत फार मोठी जागृती झाली आहे. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो, की बायका दोरीवरचे ओले कपडेसुद्धा आत घेतात.