उजवा खांदा

बायकोला नाही, देवळात देवापुढेही नाही. हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही महादूला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी नारळावरचा पैलवान. आमच्या श्रीवर्धनकडच्या जत्रांत दुपारी लहान कुस्त्या लागतात. जिंकेल त्याला नारळ. ऊन कललं की मोठ्या जोड्या, त्यांना फेटा नाहीतर चांदीचं कडं. मी सतरा वर्षं नारळावरच लढलो. हरलोच जास्त. तरी गावात मान होता, उगाच कशाला खोटं बोलू, बख्खळ मान होता. गणूचा खांदा गेला नसता तर कडं आपल्या गावात आलं असतं, असं कुणीही म्हणायचं.

खांद्याचं सांगतो. सांगतोच. पण आधी महादू.

महादू माझा जोडीदार, वाडीतही आणि तालमीतही. पोफळीवर चढून सुपारीचे घड उतरवायचे, वरच्या वर झोका घेऊन दुसरी पोफळ धरायची, हे आमचं काम. संध्याकाळी तालमीची माती. कुस्ती त्याचीच चांगली होती. मला ते ठाऊक होतं, त्याला नव्हतं. असा भोळा!

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या चैत्रात मी ओळीनं पाच नारळ मारले. पंच खूश झाले आणि आमच्या जत्रेत मला कड्याच्या कुस्तीला लावलं. समोर घाटावरचा पैलवान. ज्याच्या गोठ्यात म्हैस त्यानं दूध धाडलं. मीही मिशीला पीळ देत हिंडलो. मग आदल्या सकाळी तो पैलवान विहिरीवर आंघोळ करताना दिसला. त्याची मान — माझ्या मांडीएवढी. मला बघून त्यानं हात केला, हसला. चांगला माणूस होता हो. मी मात्र घाबरून तिथूनच मागं फिरलो.

मान मोडेल याची भीती? तीही होती. पण खरी भीती वेगळीच — सगळ्या गावादेखत दोन मिनिटांत पाठ मातीला लागली, तर मी कोण उरेन?

त्याच दिवशी तालमीत महादूनं मला धोबीपछाड मारला. साधा, रोजचा. मऊ मातीवर पडलो, काही झालं नाही. उठायला हात टेकला — आणि टेकता टेकता ओरडलो. खांदा धरून लोळलो. ठरवून केलं का? नाही. थांबता आलं असतं का? आलं असतं. हाडवैद्यानं दाबलं तसा आणखी बोंबललो. त्यानं पट्टा बांधला. महादू कोपऱ्यात उभा होता, पांढराफटक.

पट्टा महिन्याभरानं सुटला. महादूनं मात्र पुन्हा लंगोट बांधला नाही. माझ्या हाताला पाप लागलं, म्हणाला. लोक त्याला तोंडावर टोचायचे, यानंच गावाचं कडं बुडवलं म्हणून. मी जमिनीकडे बघत राहायचो. माझ्या वाट्याच्या पोफळीही तोच चढायचा. मी खाली सुपाऱ्या वेचायचो. आणि जत्रा आली की? नारळासाठी हजर! अधू खांद्यानं लढतो म्हणून टाळ्या. हरलो तर खांद्यामुळे, जिंकलो तर माझ्यामुळे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात — मी तर ते अंगणही मित्राच्या माथी मारलं.

सांगावंसं वाटलंच नाही, असं नाही. एकदा तो झाडावरून उतरला, छाती सोललेली, धापा टाकत. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यानंच विचारलं, आज दुखतंय का. मी म्हटलं, थोडं.

गेल्या भादव्यात तो काविळीनं खाटेवर पडला. मी दुपारी गेलो. त्याची बायको पेज पाजत होती, ती वाटी घेऊन आत गेली. त्यानं हात उचलला आणि माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला — अगदी हलक्यानं, मला दुखू नये म्हणून.

"गणू, तुझं वाटोळं मी केलं हाय. आज तरी सांग, माफ केलंस का मला?"

एक वाक्य पुरलं असतं. तिथं ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

"केलं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा सैल झाला. चौथ्या दिवशी तो गेला. तिरडीला मी खांदा दिला, उजवा, आणि स्मशानापर्यंत बदलला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, अधू खांदा असून बघा, दोस्ती असावी तर अशी. मी ते ऐकून घेतलं आणि चालत राहिलो.