सात नंबरच्या गाडीखाली ऐकलेलं

माझ्या ताईच्या नवऱ्याला बसडेपोत सगळे खुटखुटे म्हणायचे. ते त्यांचं आडनाव नव्हे. गाड्या सुटायच्या आधी प्रत्येक चाकाच्या प्रत्येक नटावर हातोडीने खुट्-खुट् वाजवायचं आणि आवाजावरून सैल-घट्ट ओळखायचं, हे त्यांचं काम. आणि सगळे नट घट्ट निघाले तरी मनातली खुटखुट जायची नाही, हा त्यांचा स्वभाव. एका नावात दोन्ही बसलं. मी त्यांना भाऊजी म्हणते. बत्तीस वर्षं ते तपासनीस होते आणि त्यांची सही झाल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

घरीही तोच कारभार. दुधाचा आधी वास घ्यायचा, मग ते तापवायचं. पत्र आलं की फोडण्यापूर्वी उजेडासमोर धरायचं. बाहेर निघताना कुलूप लावलं, चार पायऱ्या उतरले, की परत वर, कुलूप ओढून बघायला. खाली आले की पुन्हा एकदा वर. ताई जिन्याच्या वळणावर पिशवी घेऊन उभी राहायची, एक शब्द न बोलता. मी तिला विचारायचे की तुला चीड कशी येत नाही. ती नुसती हसायची.

आमचं घर ख्रिस्ती, त्यांचंही. भाऊजींचा रविवार कधी चुकला नाही. पण प्रार्थना म्हणजे उपासनेच्या पुस्तकात छापलेली आणि त्यापलीकडे प्रभूची प्रार्थना, लहानपणी पाठ केलेली, एवढंच. आपल्या मनाने देवाशी बोलणाऱ्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. देवाकडे काही मागणं म्हणजे वशिला लावणं, असं ते म्हणायचे. आमच्या चर्चच्या मंडळीत औषधांच्या दुकानाचे एक मालक होते. ते उठून फार सुरेख प्रार्थना करत. भाऊजी एक डोळा किलकिला करून त्यांच्याकडे बघत बसायचे, हातात चिठ्ठी आहे का ते पाहायला. डोळे मिटून माणूस इतकं मुद्देसूद बोलतो म्हणजे घरून पाठ करून आलाय, हे त्यांचं ठाम मत.

डेपोत सात नंबरच्या गाडीवर एक नवा ड्रायव्हर बदलून आला. ताडमाड उंच, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्याचा लंबू झाला. बोलायला कमी, कामाला चोख. पण भाऊजींना तो पहिल्या आठवड्यातच खटकला. इतर ड्रायव्हर चढले की किल्ली फिरवायचे. हा सीटवर बसायचा, आरसे नीट करायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. इंजिन बंद. मग थोड्या वेळाने डोळे उघडून गाडी सुरू करायचा.

भाऊजींच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. रात्रीची उतरली नसेल म्हणून ते काहीतरी विचारण्याच्या निमित्ताने खिडकीशी जाऊन वास घेऊन आले. वास साबणाचा. झोप पुरत नसेल म्हणावं तर पठ्ठ्या रोज ताजातवाना. मग त्यांनी घड्याळ लावलं. कधी चाळीस सेकंद, सोमवारी दीड मिनिट. एकदा ते पलीकडच्या गाडीत मागच्या सीटवर दबा धरून बसले तेव्हा त्यांना दिसलं की डोळे मिटलेले असताना लंबूचे ओठ हलतात. नजर अंधारत असेल, फिट येत असेल, नाहीतर माणूस डोक्याने सरकलेला असेल. साठ माणसं त्याच्या हातात. भाऊजींनी डेपो मॅनेजरना लेखी कळवलं.

मॅनेजरनी लंबूला बोलावलं, भाऊजी समोरच उभे होते. डोळे मिटून काय करतोस, असं विचारल्यावर लंबू गडबडला. कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला की गाडीचा आवाज ऐकतो. मॅनेजरनी शांतपणे विचारलं, बंद गाडीचा? खोटं पकडलं गेलं म्हटल्यावर पुढचं ओघानेच आलं. लंबूला गाडीवरून उतरवलं, डोळ्यांची, रक्ताची, डोक्याची तपासणी करायला पाठवलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत टायरच्या शेडमध्ये लावलं. पंधरा वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर तीन आठवडे टायर ढकलत होता. येताजाता लोक त्याच्याकडे बघून डोळे मिटून दाखवायचे.

भाऊजींनी त्या तीन आठवड्यांत घरी दोनदा सांगितलं की आपण बरोबरच केलं. ताईने विचारलंही नव्हतं.

रिपोर्ट आले. माणूस ठणठणीत. लंबूला सात नंबर परत मिळाली. दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं, पण भाऊजींची खुटखुट उलट वाढली. आजार नाही, दारू नाही, मग खोटं का बोलला? आणि इथे त्यांनी जे केलं ते त्यांनी मला निवृत्त झाल्यावर, खूप वर्षांनी सांगितलं, तेही मान खाली घालून.

डेपोत गाडीखाली उतरून काम करायला लांबट खड्डा असतो, त्याला पिट म्हणतात. पिटमध्ये माणूस उतरला की आधी स्टिअरिंगवर लाल पाटी अडकवायची, म्हणजे वर कोणी गाडी सुरू करत नाही. हा नियम भाऊजींनीच डेपोत घोटून घोटून शिकवलेला. पाटी न लावता उतरलेल्या मेकॅनिकला ते घरी पाठवत. त्या सकाळी सात नंबर पिटवर होती. भाऊजी खाली उतरले, आणि पाटी त्यांनी मुद्दाम भिंतीवरच राहू दिली. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं होतं, तिथून वरचं सगळं ऐकू येतं हे त्यांना ठाऊक होतं. वाट बघताना नुसतं काय बसायचं म्हणून त्यांनी ब्रेकच्या दांड्यांमध्ये हात घालून बघायला सुरुवात केली.

लंबू चढला. सीट करकरली. मग आवाज आला, अगदी साधा, शेजाऱ्याशी बोलावं तसा.

"मी आलोय. गाडी परत मिळाली. भीती वाटतेय, ते तुला दिसतंयच. तिसऱ्या थांब्यावर ती कुबडीवाली बाई चढेल तेव्हा मागचे हॉर्न वाजवतील, त्या वेळी मला घाई करू देऊ नकोस." सीट पुन्हा करकरली. "आणि त्या तपासनिसाचा मला राग आहे. माफ कर म्हणतोस, पण आज मला जमत नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? राग घेऊनच गाडी काढतोय. आजच्या दिवस चालवून घे."

एवढंच. भाऊजींना वाटलं पुढे काही असेल, पण किल्लीचा आवाज आला. त्यांचा हात अजून दांड्यांमध्ये होता. दुसऱ्या हाताने त्यांनी हातोडी गाडीच्या सांगाड्यावर जोरात आपटली.

लंबू उतरला, वाकला, पिटमध्ये बघितलं. मग मान वळवून भिंतीकडे बघितलं. पाटी तिथेच.

"विसरलात?" त्याने विचारलं.

भाऊजींना हो म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "नाही. मुद्दाम. तू काय करतोस ते ऐकायला."

"तुमचा हात गेला असता," लंबू म्हणाला. "आणि तो मी घालवला, हे मला जन्मभर पुरलं असतं."

भाऊजी वर आले. चाळीस वर्षं चर्चला जाणारा मी माणूस, ते मला म्हणाले, आणि समोर कोणी प्रार्थना करतंय हे मला ओळखता आलं नाही. मला फिट वाटली. त्याहून जास्त त्यांना एक गोष्ट लागली होती. देवाला असं सांगता येतं? जमत नाही, असं? त्यांच्या पुस्तकात तर सगळं जमलेल्या माणसांचं बोलणं होतं.

त्याच दिवशी ते मॅनेजरकडे गेले आणि पाटी न लावता पिटमध्ये उतरल्याचं स्वतःहून सांगितलं. लंबूबद्दलचा आपला संशय चुकीचा होता हेही सांगितलं. तो डोळे मिटून काय करतो ते मात्र सांगितलं नाही, कारण लंबूने बजावलं होतं की ते ऑफिसात न्यायचं नाही. मॅनेजरना त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं. भाऊजींना लेखी ताकीद मिळाली, नोकरीतली पहिली आणि शेवटची.

मग काही दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत ते लंबूजवळ जाऊन बसले. हे कसं शिकायचं, असं त्यांनी विचारलं. लंबूने डबा बंद केला. "कशाला? रिपोर्टमध्ये लिहायला?" आणि उठून गेला. भाऊजी दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही. त्यांचा चिवटपणा आम्हाला माहीत होता, लंबूला नव्हता. शेवटी त्याने थोडं सांगितलं. त्याची आई शर्टांच्या कॉलर शिवायची. मशीन चालवता चालवता देवाशी बोलायची, धागा तुटला तर तेही सांगायची. तिने त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की पहिलं वाक्य खरं असलं पाहिजे. सुंदर नसलं तरी चालेल. बाकी आपोआप येतं, आणि नाही आलं तर तिथेच थांबायचं.

भाऊजींनी सुरुवात केली ती नटांवर. एका नटावर ठोका, एक वाक्य. पहिल्या दिवशी ते म्हणाले, 'मी खुटखुटे,' आणि पुढे काहीच सुचेना. दुसऱ्या दिवशी म्हणाले की तू ऐकतोस की मीच बडबडतोय हे मला कळत नाही. ते वाक्य मात्र खरं आहे असं त्यांना वाटलं, म्हणून आठवडाभर तेच चालवलं. मग संशय आला की बोलण्याच्या नादात एखादा नट सुटला असेल. पुन्हा पहिल्यापासून सगळी चाकं. त्या महिन्यात गाड्या उशिरा सुटायला लागल्या, तेव्हा त्यांनी ठोके आणि बोलणं वेगळं केलं. काम करताना काम. एक गाडी झाली की दुसरीकडे चालत जाताना, त्या वीस पावलांत, दोन वाक्यं. तीही कसली? गुडघा दुखतोय. नवा मेकॅनिक हुशार आहे आणि मला त्याचा हेवा वाटतो. लंबूसमोर जायला लाज वाटते.

घरी आता संशय घ्यायची पाळी ताईची. नवरा दाढी करताना ओठ हलवतो, बूट घालताना थांबतो, विचारलं तर दचकतो. ती माझ्याकडे येऊन म्हणाली की ह्यांना डॉक्टरकडे न्यावं का. मी म्हटलं, आधी विचार तरी. तिने विचारलं, तेव्हा भाऊजींनी ठोकून दिलं की गाड्यांचे नंबर आठवतोय. बोलून गेले आणि साबण लावलेल्या गालानिशी आरशात बघत उभे राहिले. लंबू मॅनेजरसमोर का अडखळला ते त्यांना तेव्हा कळलं. चोरी नाही, काही नाही, आणि तरी सांगताना माणूस उघडा पडतो.

त्यांनी ताईला खरं सांगितलं. पिटपासून सगळं. ताई ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "मी जिन्यात तेच करते. तुम्ही कुलूप बघायला वर जाता तेव्हा. बावीस वर्षं झाली."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही तपासायला बसला असता."

जिन्यात ती काय म्हणायची ते त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारण्यासाठी त्यांना किती कष्ट पडले ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

लंबूशी त्यांची मैत्री अशी झाली नाही. राग गेला का, हे भाऊजींनी एकदा विचारलं तर तो म्हणाला की बराचसा. दोन वर्षांनी त्याची दुसऱ्या डेपोत बदली झाली. जाताना त्याने सात नंबरच्या गिअरजवळचं फाटकं रबर बदलून घेतलं, आणि त्या कामाच्या कागदावर भाऊजींनी सही केली. दोघांपैकी कोणी हसलं नाही, असं भाऊजी सांगतात. मला ते खरं वाटत नाही.

गेल्या वर्षी ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे मागोमाग. पहिल्याच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर मी भाऊजींशेजारी बसले होते. डॉक्टर फारच तरुण आहे, मशीन जुनं दिसतंय, नर्सने नाव नीट वाचलं का, असं सगळं त्यांचं चालू होतं. मग ते हळू आवाजात बोलायला लागले. मी शेजारी आहे हे ते विसरले होते, किंवा त्यांना आता त्याचं काही वाटत नव्हतं.

"मला ह्या डॉक्टरचा भरवसा वाटत नाही. तुझाही पुरता वाटत नाही, ते तुला नवीन नाही. पण दुसऱ्या कोणाला सांगू? तिचे डोळे राहू देत. मी मागतोय. वशिला म्हण, काही म्हण."

डावा डोळा छान झाला. उजवा मात्र धूसरच राहिला. डॉक्टर म्हणाले, एवढंच शक्य होतं. भाऊजींनी ते दुसऱ्या दोन डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. आता रोज संध्याकाळी ते ताईला पेपर वाचून दाखवतात, बारीक टायपातल्या जाहिरातींसकट. वाचून झालं की घडी घालतात आणि तिच्यासमोरच, मोठ्याने, देवाला त्या उजव्या डोळ्याबद्दल जाब विचारतात. ताई ऐकते आणि मध्येच म्हणते, डाव्याचंही सांगा. मग ते डाव्याचंही सांगतात.